पट्टा कोण थांबवणार?

इन्स्टाग्रामवर एक रील दर काही महिन्यांनी नव्या आवाजात परत येते. ‘ट्रेडमिल हे मुळात कैद्यांना शिक्षा देण्याचं यंत्र होतं, माहीत होतं का?’ खाली ठरलेल्या कॉमेंट्स: ‘तरीच!’, ‘म्हणूनच मी जिमला जात नाही.’ रील खोटी नाही, पण ती अर्ध्यावर थांबते. तुरुंगातल्या त्या चक्रापासून आपल्या घरातल्या, बऱ्याचदा टॉवेल वाळत घालायच्या कामी येणाऱ्या यंत्रापर्यंतची दोनशे वर्षं सलग पाहिली, तर एक गोष्ट लक्षात येते. हे यंत्र जिथे जिथे गेलं, तिथे त्याच्या शेजारी दुसरं कुणीतरी उभं असायचं. कधी जेलर, कधी डॉक्टर, कधी ट्रेनर. घरात आल्यावर ते शेजारचं माणूस गेलं. मोटर मात्र राहिली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एक प्रश्न सतत विचारावा लागतो: कुणाचंच लक्ष नसताना काहीतरी बिघडलं, तर ही सिस्टीम आपोआप कुठे जाऊन थांबेल? मुंबईच्या लोकलमध्ये या प्रश्नाचं उत्तर मोटरमनच्या हातात असतं. त्याने हँडल दाबून धरलेलं असतं. हात सुटला की गाडीला ब्रेक लागतो. माणसाला काही झालं तर गाडी थांबलीच पाहिजे, असं तिथे आधीच ठरवलेलं आहे. गेल्या वर्षी आमच्या घरात ट्रेडमिल आणायचं ठरलं, तेव्हा मी हाच प्रश्न तिला लावून पाहिला आणि वाचत वाचत बरीच मागे गेले.

गिरणीवाल्याचा मुलगा

विल्यम क्युबिट हा इंग्लंडमधल्या नॉरफोक परगण्यातल्या एका गिरणीवाल्याचा मुलगा. १८०७ मध्ये त्याने पवनचक्कीसाठी अशी पाती तयार केली, की वारा वाढला तर त्यांच्या झडपा आपोआप उघडतील आणि चक्की बेफाम फिरणार नाही. म्हणजे यंत्राने स्वतःला आवरावं, हा विचार त्याच्या डोक्यात तरुणपणापासून होता. याच क्युबिटने १८१८ च्या सुमारास, कैदी रिकामे बसून राहतात या तक्रारीवर उपाय म्हणून तुरुंगासाठी एक चक्र बनवलं.

हे चक्र म्हणजे एक लांबलचक आडवा पोकळ दंडगोल. त्याच्या बाहेरच्या अंगाला लाकडी पायऱ्या. कैदी एका ओळीत उभे राहून वरच्या दांडीला धरायचे आणि पायऱ्या चढायचे. प्रत्येक पायरी त्यांच्या वजनाने खाली जायची, पुढची समोर यायची. चढ संपायचाच नाही. लंडनजवळच्या ब्रिक्स्टन तुरुंगात १८२१ मध्ये बसवलेलं चक्र सगळ्यांत प्रसिद्ध झालं. काही ठिकाणी त्यावर धान्य दळलं जायचं, पाणी उपसलं जायचं. बऱ्याच ठिकाणी त्याला काहीच जोडलेलं नसायचं आणि कैदी तासन्‌तास नुसता वारा दळायचे. १८२२ मध्ये हे यंत्र न्यूयॉर्कलाही पोचलं. तिथल्या जेम्स हार्डी नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये त्यावर एक पुस्तकच लिहिलं. त्याचं निरीक्षण असं, की कैद्यांना या यंत्राची भीती वाटते ती त्यातल्या कष्टांमुळे तितकी नाही, जितकी त्यातल्या न संपणाऱ्या एकसुरीपणामुळे. जिममध्ये समोरच्या भिंतीकडे बघत चाळीस मिनिटं काढलेल्या कुणालाही हे पटेल.

१८९५ मध्ये ऑस्कर वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली, तेव्हा त्यालाही पेंटनव्हिल तुरुंगात हे चक्र चढावं लागलं. १८९८ च्या ब्रिटिश तुरुंग कायद्यानंतर ही शिक्षा बंद पडत गेली.

रील इथे संपते. पण या चक्रातली एक गोष्ट नीट पाहून ठेवायला हवी. ते माणसाच्या वजनावर फिरायचं. ऊर्जा माणसाची, फिरणं यंत्राचं. सगळे उतरले की फिरवायला कुणी उरत नसे. आणि बाजूला पहारेकरी असायचा. त्याला कैद्याची काळजी असायची असं नाही, पण काय चाललंय हे तो बघत असायचा.

पट्टा आला कुठून

आपल्या घरातली ट्रेडमिल या चक्राची सरळ वंशज नाही. नाव तेच राहिलं, पण पट्ट्याची कल्पना शेतावरून आली. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतले शेतकरी घोड्याला, कधी कुत्र्यालासुद्धा, उतरत्या फिरत्या पट्ट्यावर चालवायचे आणि त्या जोरावर मळणी करायचे किंवा लोणी घुसळायचे. जनावर जागच्या जागी चालतं आणि त्याच्या पायाखालची जमीन मागे जाते. ही युक्ती पुढे नाटकवाल्यांनी उचलली. १८९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘बेन हर’ नाटकात रथांची शर्यत रंगमंचावर दाखवली गेली, तेव्हा खरे घोडे फिरत्या पट्ट्यांवर धावत होते आणि मागचं चित्र उलट्या दिशेने सरकत होतं. त्या नाटकाची यंत्रं करणाऱ्या क्लॉड हेगनच्या नावावर १९१३ मध्ये अमेरिकेत ‘ट्रेनिंग मशीन’चं पेटंट नोंदलं गेलं. त्यात पट्टा होता आणि त्यावर धावणारा माणूस होता.

इकडे व्यायामाची यंत्रं वेगळ्याच वाटेने पुढे येत होती. स्टॉकहोममध्ये गुस्ताव झँडर या डॉक्टरने १८६५ मध्ये एक संस्था उघडली. तिथे शरीराच्या प्रत्येक हालचालीसाठी वेगळं यंत्र होतं. काही यंत्रं माणूस हलवायचा, काही वाफेच्या जोरावर हलून माणसाला हलवायची. श्रीमंतांमध्ये हा प्रकार इतका गाजला, की १९१२ मध्ये टायटॅनिक निघाली तेव्हा तिच्या व्यायामशाळेत विजेचा घोडा होता, विजेचा उंटही होता. त्या व्यायामशाळेची एक गोष्ट मला फार आवडते. तिथे नेमलेला एक प्रशिक्षक होता आणि मुलांसाठी दुपारी १ ते ३ ही वेळ वेगळी ठेवलेली होती. म्हणजे विजेवर हलणाऱ्या यंत्रापाशी मूल येणारच, हे १९१२ मध्ये सगळ्यांना कळत होतं. त्यावर उपाय म्हणजे वेगळी वेळ आणि शेजारी एक मोठा माणूस.

घरी करायच्या व्यायामाची साधनं टपालाने विकायची पद्धतही याच काळातली. त्यातलं सगळ्यांत मोठं नाव युजीन सँडो. स्प्रिंगचे डंबेल, ताणायचे रबरी दोर आणि सोबत सूचनांचं पुस्तक. सँडोचं हे वेड आपल्याकडेही आलं. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी, ज्यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेले, ते त्याआधी सुमारे दहा वर्षं सँडोची साधनं आणि पुस्तकं आणून नेमाने त्याचा व्यायाम करत होते. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि आयुष्यभर त्याचाच प्रचार करत राहिले. उपकरण सोडून सतरंजीवर येणारा हा बहुधा आपल्याकडचा पहिला प्रसिद्ध ग्राहक. डंबेल आणि रबरी दोर यांबाबत एक मात्र सांगायला हवं: ती साधनं हात सोडला की गप्प पडून राहायची. त्यांना मोटर नव्हती.

टीएमटी

मराठी मध्यमवर्गीय घरात ट्रेडमिल हा शब्द जिमच्याही आधी दवाखान्यातून आला. वडिलांची, काकांची ‘टीएमटी’ करून घ्यायची असते ना, त्यातली पहिली ‘टी’ आणि ‘एम’ म्हणजे हीच. अमेरिकेत सिॲटलला वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट ब्रूस हे हृदयरोगतज्ज्ञ आणि वेन क्विंटन हे अभियंता यांनी १९५० च्या दशकात तपासणीसाठी मोटरची ट्रेडमिल तयार केली. त्याआधी हृदयावर ताण देऊन पाहायचा तर पेशंटला दोन पायऱ्यांवर चढ-उतार करायला लावत. ब्रूस यांनी १९६३ मध्ये जी पद्धत मांडली ती आजही वापरात आहे. सुरुवात ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात: ४ किलोमीटर आणि १२ टक्के, मग ५.४ किलोमीटर आणि १४ टक्के, असं पुढे.

बाबांची टीएमटी झाली तेव्हा मी काचेबाहेर उभी होते. छातीला तारा, समोर स्क्रीन, एका बाजूला टेक्निशियन, दुसऱ्या बाजूला डॉक्टर. डॉक्टर दर मिनिटाला विचारत होते, ‘काका, ठीक ना? छातीत काही? चक्कर?’ त्यांच्या हाताशी लाल बटण होतं. भिंतीपाशी हृदय पुन्हा सुरू करायचं यंत्र तयार होतं. त्या खोलीतलं सगळं एका गृहीतकावर उभं होतं: चालणाऱ्याला स्वतः थांबता येईलच असं नाही. तपासणी बरी आली. डॉक्टरांनी रोज अर्धा तास भरभर चालायला सांगितलं. आठवड्यातून पाच दिवस धरले तर ते १५० मिनिटं होतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना सांगते ते किमान प्रमाणही तेवढंच आहे.

खोली, मोटर आणि एकटा माणूस

ट्रेडमिल दवाखान्यातून घरात आली ती एका पुस्तकामुळे. केनेथ कूपर हे अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर. त्यांचं ‘एरोबिक्स’ हे पुस्तक १९६८ मध्ये आलं आणि हृदयासाठी धावणं-चालणं ही सामान्य माणसाची गोष्ट झाली. न्यू जर्सीतल्या विल्यम स्टॉब या मेकॅनिकल इंजिनिअरने ते वाचलं. घरी ठेवता येईल अशी स्वस्त ट्रेडमिल बाजारात नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने स्वतःच एक बनवून कूपरना पाठवली. पुढे ‘पेसमास्टर ६००’ या नावाने ती विकायला आली. आता पाऊस, बर्फ, अंधार, कसलीच सबब उरली नाही. स्टॉब स्वतः म्हातारपणीही ट्रेडमिलवर चालत राहिला आणि २०१२ मध्ये ९६ व्या वर्षी वारला. यंत्राच्या उपयोगाबद्दल त्याच्याइतकी प्रामाणिक जाहिरात कुणी केली नसेल.

घरगुती यंत्रांचा सगळा इतिहास मात्र इतका सरळ नाही. त्याच काळात अमेरिकेत ‘रिलॅक्सासायझर’ नावाची एक पेटी विकली जात होती. पॅड शरीरावर बांधायचे, आडवं पडायचं, आणि विजेचे हलके झटके स्नायूंना ‘व्यायाम’ देणार. अशा ४ लाखांच्या आसपास पेट्या विकल्या गेल्या. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खटला भरला आणि १९७० मध्ये न्यायालयाने तिची विक्री बंद केली. बारीक होण्यासाठी ती निरुपयोगी ठरलीच, शिवाय गरोदर स्त्रियांना आणि अपस्मार, हर्निया, अल्सर असलेल्यांना तिच्यापासून धोका होता. दवाखान्यात डॉक्टरने आधी हे सगळं विचारलं असतं. टपालाने आलेली पेटी काही विचारत नाही.

ट्रेडमिल अशी फसवी नाही. तिच्यावर चालणं हे खरंच चालणं असतं. १९९६ मध्ये अँड्र्यू जोन्स आणि जोनाथन डाउस्ट या ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं, की पट्ट्याला १ टक्का चढ दिला की धावायला लागणारी ऊर्जा साधारण बाहेरच्या रस्त्यावरच्या इतकी होते. तो १ टक्का समोरून न येणाऱ्या वाऱ्याची भरपाई करतो. स्क्रीनवरच्या कॅलरींवर मात्र विश्वास ठेवू नये. बाजूच्या दांड्यांवर भार टाकून चाललं की कष्ट कमी होतात, आणि आकडा मात्र तसाच चढत राहतो.

आता सुरुवातीचा प्रश्न. तुरुंगातलं चक्र माणूस फिरवायचा. घरातल्या पट्ट्याला मोटर फिरवते, माणूस फक्त जागेवर टिकून राहतो. पाय घसरला, चक्कर आली, फोन वाजला म्हणून मागे वळलो, तरी पट्टा त्याच वेगाने चालू राहतो. ताशी ८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सव्वादोन मीटर. पडलेल्या माणसाला तो मागे फेकतो, आणि मागे भिंत असेल तर माणूस भिंत आणि चालत्या पट्ट्याच्या मध्ये अडकतो. म्हणून ट्रेडमिलच्या मागे साधारण दोन मीटर मोकळी जागा ठेवा, असं बहुतेक माहितीपुस्तिकांमध्ये छापलेलं असतं.

मागचं टोक आणखी एका कारणाने वाईट आहे. वरचा पट्टा मागे जातो, रोलरवरून खाली वळतो आणि पोटाखालून पुढे येतो. म्हणजे मागच्या टोकापाशी जे काही टेकेल, ते खाली आणि आत ओढलं जातं. चालणाऱ्याची पाठ तिकडे असते. घरातली सगळ्यांत लहान उंची नेमकी त्याच पातळीवर रांगत असते. लहान मुलांच्या तळहातांना ट्रेडमिलच्या घर्षणाने होणाऱ्या भाजल्यासारख्या जखमा बालशल्यचिकित्सकांच्या चांगल्या ओळखीच्या आहेत. काही वेळा त्वचारोपण करावं लागतं.

२०२१

मार्च २०२० मध्ये जगभर जिम बंद झाल्या. घरगुती यंत्रांची मागणी एकदम वाढली. अमेरिकेत त्या काळात सगळ्यांत चर्चेत होती पेलोटन ही कंपनी. तिची ‘ट्रेड प्लस’ ही ट्रेडमिल चार हजार डॉलरहून महाग होती: मोठा स्क्रीन, लाइव्ह क्लास, जाड रबरी पट्ट्यांची साखळी, जमिनीपासून उंच बांधणी आणि मागच्या बाजूला आडोसा नाही.

१७ एप्रिल २०२१ ला अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने लोकांना जाहीर इशारा दिला: घरात लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर हे यंत्र वापरणं थांबवा. तोवर ३९ घटनांची नोंद झाली होती, त्यात एका मुलाचा मृत्यू होता. आयोगाने एका घरातल्या कॅमेऱ्याचा व्हिडिओही प्रसिद्ध केला. त्यात एक छोटा मुलगा चेंडूसकट पट्ट्याखाली ओढला जातो आणि कसाबसा सुटतो. कंपनीने हा इशारा दिशाभूल करणारा आहे असं उत्तर दिलं. सूचना पाळा, मुलांना लांब ठेवा, वापर झाल्यावर सुरक्षा किल्ली काढून ठेवा, एवढं केलं की यंत्र सुरक्षित आहे, अशी तिची भूमिका होती.

आयोगाच्या निवेदनात यावर एक नेमका मुद्दा होता. निदान एक घटना आई किंवा वडील स्वतः त्या यंत्रावर धावत असताना घडली होती. म्हणजे किल्ली काढून ठेवण्याने हा धोका टळत नव्हता. मोठं माणूस खोलीतच होतं, फक्त त्याची पाठ होती आणि बहुतेकदा अशा वेळी कानात गाणी असतात.

५ मे २०२१ ला कंपनीने सुमारे १ लाख २५ हजार यंत्रं परत बोलावली. तोवर माणसं, प्राणी किंवा वस्तू मागून ओढल्या गेल्याच्या ७२ तक्रारी नोंदल्या गेल्या होत्या. त्यातल्या २९ मध्ये मुलांना इजा झाली होती. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॉन फोली यांनी सुरुवातीचा प्रतिसाद चुकला, असं जाहीरपणे मान्य केलं. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीला सुमारे १ कोटी ९० लाख डॉलरचा दंड झाला, कारण धोक्याची माहिती आयोगाला वेळेत कळवली नव्हती. त्यानंतर काही महिन्यांनी मागच्या बाजूला बसवायचा आडोसा मंजूर झाला.

या सगळ्यात माझ्या व्यवसायाशी थेट जोडलेला एक उपप्रसंग आहे. मधल्या काळात कंपनीने सॉफ्टवेअर अपडेटमधून चार आकडी पासवर्डचं कुलूप आणलं. कल्पना चांगली, पण सुरुवातीला हे कुलूप महिन्याच्या सबस्क्रिप्शनशी बांधलेलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, त्यांची साधी ‘नुसतं धावा’ ही सोयही बंद पडली. ग्राहक चिडले, कंपनीने शुल्क माफ केलं. मी अशा मीटिंगमध्ये बसले आहे जिथे ‘हे फीचर कुठल्या प्लॅनमध्ये टाकायचं’ यावर तासभर चर्चा होते. त्यामुळे हे कसं झालं असेल याची मला कल्पना करता येते. कुणी दुष्ट नसतं. फक्त सुरक्षा हीसुद्धा एक फीचर म्हणून यादीत येऊन बसते. पट्ट्याखालची फट मात्र कुठल्याही अपडेटने बुजत नाही. तिला प्लास्टिकचा आडोसाच लागतो.

दहा बाय दहा

आता आमचं घर. पुण्यात उपनगरात दोन बेडरूमचा फ्लॅट. फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या, जून ते सप्टेंबर पाऊस. बाबा ६१ वर्षांचे. ताईची मुलगी अडीच वर्षांची. महिन्यातून दोनदा येते आणि आल्याबरोबर प्रत्येक बटण दाबून बघते. एका ॲपवर सेकंडहँड ट्रेडमिल मिळाली. विकणाऱ्याने सुरक्षा किल्ली हरवली म्हणून तिच्या जागी फ्रिजवरचं एक चुंबक चिकटवलं होतं. यंत्र झकास चाललं. कारण ही किल्ली म्हणजे बऱ्याच मॉडेलमध्ये दोरी लावलेलं चुंबकच असतं. चुंबक जागेवर असेल तरच मोटर चालते. दोरीची क्लिप कपड्यांना लावायची. माणूस मागे गेला, दोरी ताणली, चुंबक निघालं, मोटर बंद. लोकलच्या मोटरमनच्या हँडलचाच हा भाऊ. फरक एवढाच, की मोटरमनला हँडल न दाबता गाडी चालवता येत नाही, आणि आपल्याला क्लिप न लावता ट्रेडमिल खुशाल चालवता येते.

चिकटवलेलं चुंबक म्हणजे कायम दाबून बांधून ठेवलेलं हँडल. मी ते काढलं आणि नवी किल्ली मागवली.

“अगं, मी काय धावणार आहे का? चालायचंच तर आहे,” बाबा म्हणाले.

“बाबा, पट्ट्याला ते माहीत नाही.”

मग जागेचं गणित. यंत्राची लांबी १.७ मीटर. दहा बाय दहाची खोली म्हणजे जेमतेम ३.०५ मीटर. यंत्र भिंतीला लावलं तरी मागे उरतात १.३५ मीटर, हवे आहेत दोन. यंत्राची पाठ दाराकडे करून दार उघडं ठेवलं, तर मागे पॅसेजची जागा मिळते आणि दोन मीटर भरतात. पण मग मूल येणार ते नेमकं त्याच दारातून, नेमकं त्याच टोकाकडे, बाबांच्या पाठीमागून. हॉल मोठा आहे, पण तो तिचा खेळायचा भाग. पडणाऱ्यासाठी दार उघडं हवं, रांगणाऱ्यासाठी बंद हवं. दोन्ही नियम बरोबर आहेत आणि आमच्या खोलीत दोन्ही एकत्र बसत नाहीत. माहितीपुस्तिका ज्यांनी लिहिली, त्यांच्या डोळ्यांसमोर दहा बाय दहाची खोली नसावी.

ताई म्हणाली, “मी आले की तिच्याकडे बघेन ना मी.” मला २०२१ मधलं ते निवेदन आठवलं. तिथेही मोठं माणूस घरातच होतं.

शेवटी जे ठरलं ते असं. दार बंद, आतून वरची कडी. वेगाची मर्यादा ताशी ४.५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सव्वा मीटर. १.३५ मीटर जागेला एवढा वेग जेमतेम चालतो, तोही क्लिप लावलेली असेल तरच. आई घरात असतानाच चालायचं आणि तिला सांगून सुरू करायचं. चालून झालं की प्लग काढायचा आणि किल्ली दोरीसकट यंत्रापासून दूर ठेवायची. दोरीसकट हे मुद्दाम. २००९ मध्ये बॉक्सर माइक टायसनची चार वर्षांची मुलगी घरातल्या ट्रेडमिलला लोंबणाऱ्या दोरीत गळा अडकून गेली. आणि शेवटचा नियम: भाची घरात असेल तेव्हा यंत्र चालवायचंच नाही. दार बंद करूनसुद्धा नाही.

या शेवटच्या नियमावर बाबा थोडे नाराज झाले. नेम मोडतो म्हणाले. त्यांचं चुकीचं नव्हतं. या यंत्राची किंमत त्या नेमातच आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्यांनी बहुतेक दिवस अर्धा तास भरला. ट्रेडमिल नसती तर ते झालं नसतं, हे मलाही मान्य आहे. म्हणून यंत्र विकायचा विचार आम्ही केला नाही. टायटॅनिकवर होतं तसं वेळापत्रक तेवढं केलं: मुलांची वेळ वेगळी.

दिवाळीत ताई आठ दिवस राहून गेली. भाचीने बंद ट्रेडमिलवर बाहुल्यांची शाळा भरवली, प्लग नसलेल्या स्क्रीनवरची सगळी बटणं दाबून पाहिली. ते आठ दिवस बाबा संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारत होते. किल्ली त्यांच्या चष्म्याच्या केसमध्ये होती.